‘धोका जास्त’ हा पुरावा नव्हे

मुलुंडमधली ती घटना मी विसरलेलो नाही आणि विसरण्याचा माझा इरादाही नाही.

अंथरुणाला खिळलेल्या एका आजींची देखभाल करणाऱ्या बाईवर भरदुपारी, आजींच्याच घरात लैंगिक अत्याचार झाला. हल्लेखोराने मागून येऊन तिच्या डोक्यावर चादर टाकली. चेहरा तिला दिसलाच नाही. तपास माझ्याकडे आला. संध्याकाळी सोसायटीचे शिष्टमंडळ आमच्या पोलीस ठाण्यात आले. अशाच गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेला एक इसम भांडुपला राहतो, ही खबर त्यांनीच दिली. कारागृहात झालेल्या त्याच्या मानसशास्त्रीय चाचणीचा अहवाल आम्ही मागवला. शेरा होता: ‘पुन्हा गुन्हा करण्याचा धोका जास्त’.

वरिष्ठांनी फर्मावले, याला अटक करा, फोटो बाईला दाखवा. मी नकार दिला. चेहरा न पाहिलेल्या फिर्यादीला एकच फोटो दाखवणे म्हणजे ओळख पटवणे नव्हे, ओळख पढवणे होय.

अहवाल लिहिणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, “अहवालाच्या शेवटीही लिहिलंय, तो त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी आहे. गुन्हा त्याच्या नावावर टाकण्यासाठी नाही.”

इसमाला चौकशीस बोलावले. दुपारी साकीनाक्याच्या कारखान्यात होतो, एवढेच तो सांगत राहिला. हवालदाराने दरडावले तेव्हा म्हणाला, “साहेब, जेलातल्या परीक्षेत मी नापास, म्हणून कुठला पण गुन्हा माझाच काय?” त्याचा जुना गुन्हा मी वाचला होता, मला त्याची कणव नव्हती. परंतु मालकाच्या व कामगारांच्या जबाबांनी त्याचे म्हणणे खरे ठरले.

मग महिला उपनिरीक्षकांसमक्ष मी फिर्यादी बाईला विचारले, हल्लेखोर काही बोलला का? तोवर हे कोणी विचारलेच नव्हते.

“हळूच बोलला, आजी झोपल्या ना?” ती म्हणाली. मग म्हणाली, “साहेब, चुकीचा धराल तर खरा तिथंच राहील ना. मला त्याच घरात कामाला जायचंय.”

म्हणजे त्याला घरातली माहिती होती. दाराचे लॅचही शाबूत होते. आजींचा मुलगा दिवसभर कामावर असे, म्हणून जादा चावी रीतीप्रमाणे शेजाऱ्याकडे ठेवलेली. हा शेजारी शिष्टमंडळात सर्वांत मोठ्या आवाजात बोलत होता. चादरीवरचे नमुने न्यायवैद्यक तपासणीत त्याच्याशी जुळले. त्याला शिक्षा झाली.

अशा चाचण्या घ्याव्यात, कठोरपणे घ्याव्यात. मी त्यांच्या विरोधात नाही. पण चाचणी होते ती पकडल्या गेलेल्याची. न पकडलेला समाजात प्रतिष्ठेने वावरतो, प्रसंगी पोलिसांना खबरही देतो.

आदेश न पाळल्याबद्दल मला शिस्तभंगाची नोटीस मिळाली. त्या नोटिशीला दिलेल्या उत्तरातला एक शब्दही मी आज बदलणार नाही: अहवाल मी पूर्ण वाचला होता; आदेश देणाऱ्यांनी फक्त शेरा वाचला.