पाय चोळायचा नाही

आबांना कॅन्सर झाला तेव्हा आमच्या खानदानात पदवीधर मी एकटाच होतो. बाकीचे सगळे त्या आठवड्यात डॉक्टर झाले.

मी चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. उपचारांसाठी आईला आणि आबांना चेन्नईत माझ्याकडे आणलं. डॉक्टरीणबाई इंग्रजीत सांगायच्या, मी ते मराठीत सांगायचो, आणि मग आबा खरं काय ते मामांना फोन करून विचारायचे. मामांचं गावी खताचं दुकान आहे.

बाईंनी बजावलं होतं, या आजारात रक्त गोठून पायात गाठी होतात, आणि गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. म्हणून रोज पोटात एक इंजेक्शन. कोलेस्ट्रॉलची जुनी गोळी हृदयासाठी होती, तीही चालूच ठेवायची. पण मामांनी मोबाईलवर वाचलं, की ही गोळी घेणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटना गाठी कमी होतात.

"दाजी, गोळीनंच काम भागतंय. पोटाला भोकं कशाला पाडून घेता?"

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काही अभ्यासांत तसं दिसलंय. पण दिसणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं. इंजेक्शनच्या जागी गोळी चालणार नाही." आबांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. सोयीपुरतं ऐकायची आमच्या घरात जुनी परंपरा आहे. मी शिफ्टला गेलो की आबा स्वतः टोचून घेतात, अशी माझी समजूत होती. तीही आईच्या सहकार्याने टिकली.

एका रविवारी आबांचा डावा पाय सुजून गरम झाला. आईने तेव्हा कबूल केलं, की इंजेक्शन कधीच बंद झालंय. मामांचा इलाज फोनवर तयार होता.

"तिळाचं तेल कोमट करा आणि जोर लावून चोळा. पोराकडून चोळून घ्या, त्यालाही पुण्य लागंल."

आईने तेल आणलं. आबांनी पाय माझ्या मांडीवर ठेवला. आमच्याकडे बापाने पाय पुढे केला की मुलगा प्रश्न विचारत नाही. मी तो हळूच उचलून गादीवर ठेवला.

"चोळायचा नाही, आबा. दवाखान्यात जाऊ."

"कॉलेजात हेच शिकवतात व्हय? बापाच्या पायाला हात लावायचा नाही?"

"शिकलेली पोरं अशीच असतात, दाजी," फोनमधून मामा म्हणाले.

"दुसऱ्याच्या रानात राबून शिकवलं तुला," आबा म्हणाले.

हे खरं होतं, म्हणून लागलं. मी रिक्षा बोलावली. रिक्षात आबा माझ्याशी बोलले नाहीत. माझी सगळी गाऱ्हाणी त्यांनी रिक्षावाल्याला मराठीत सांगितली. तो भला माणूस तमिळमध्ये "आमा, आमा" म्हणजे हो, हो करत राहिला. माझ्या विरोधात एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

तपासणीत मांडीच्या शिरेत गाठ निघाली. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पाय कोणी चोळला का?"

मी तो मराठीत सांगितला. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही. ह्यानं चोळू दिला नाही."

"बरं झालं. चोळला असता तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती," बाई म्हणाल्या.

हे वाक्य मी त्यांना अगदी सावकाश, शब्द न गाळता सांगितलं.

तेवढ्यात मामांचा फोन आला.

"काय दाजी, लावलं का तेल?"

"लावलं की," आबा म्हणाले. "लई आराम पडला."

फोन ठेवून त्यांनी इंजेक्शन घेऊन उभ्या असलेल्या नर्ससाठी सदरा वर केला.