धुरी मॅडमची मोजणी

नवा लॅपटॉप ऑफिसात आला की धुरी मॅडम सगळ्यात आधी त्याचा चार्जर काढून घ्यायच्या आणि आपल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावायच्या. ज्याच्या हातात तो लॅपटॉप जायचा तो नुसता बघत राहायचा. "मॅडम, चार्जर?" असं कोणी विचारलंच, तर चष्म्यावरून बघत त्या म्हणायच्या, "आधी मशीनमध्ये दम किती आहे ते कळू दे. चार्जर लावल्यावर काय, सगळेच धावतात." तीन-चार दिवसांनी चार्जर परत मिळायचा. तोवर मॅडमच्या निळ्या वहीत आणखी एक पान भरलेलं असायचं.

आमची कंपनी अंधेरीत, मरोळला. काम आरोग्य तपासणीचं. कारखान्यांत, सोसायट्यांत, वस्त्यांमध्ये शिबिरं लावायची, रक्तदाब, साखर बघायची आणि ईसीजी काढायचा. ईसीजीचं यंत्र लॅपटॉपला जोडलेलं असतं. आलेख पडद्यावर उमटतो आणि तिथूनच नेटवरून डॉक्टरकडे जातो. म्हणजे लॅपटॉप बंद पडला की शिबिर बंद. मी तिथे टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. धुरी मॅडम कंपनीच्या सगळ्या संगणकांच्या प्रमुख. पन्नाशी उलटून गेलेली, अंगावर सुती साडी, पायात मात्र खेळाडूंसारखे बूट. वडील कुडाळकडचे, इथे गिरणीत होते. गिरणी बंद पडली, घर नाहूरला आलं आणि मॅडमनी मुलुंडच्या एका क्लासमध्ये हार्डवेअर शिकून दुरुस्तीच्या दुकानात टेबल मांडलं. आमच्या कंपनीत त्या तिथूनच आल्या. एरवी त्या चारचौघांसारखं मराठी बोलायच्या, पण मनापासून काही सांगायचं असलं की मालवणीवर यायच्या.

माझी आणि त्यांची पहिली गाठ तक्रारीवरूनच पडली. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, "मॅडम, माझ्या लॅपटॉपची बॅटरी लवकर संपते."

"लवकर म्हणजे किती?"

"म्हणजे... दुपारच्या आतच. मला वाटतं, तीनेक तास."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुका काय वाटता ता माका नको गं. घड्याळ काय सांगता ता सांग."

आणि त्यांनी मला शंभर पानी वही दिली. कधी सुरू केला, मध्ये किती वेळ झाकला, किती ईसीजी काढले, कधी बंद पडला, सगळं लिहायचं. मला ते शाळेतल्या शिक्षेसारखं वाटलं. आठ दिवसांनी वही घेऊन गेले तेव्हा त्यांनी सगळी पानं वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मला समोर बसवून. एवढ्या लक्षपूर्वक माझं लिहिलेलं तोवर कोणी वाचलं नव्हतं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "आता तुझं म्हणणं मी कोणालाही सांगू शकते."

कंपनीत तेव्हा एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांचे लॅपटॉप होते. मॅडम जुन्याला थोरला म्हणायच्या आणि त्याच्या मागून आलेल्याला मधला, कारण धाकटा पुढे येणारच. माझ्याकडे थोरला होता. देवनारच्या वस्तीतल्या शिबिरात त्याने मला दगा दिला. सकाळी अकराला वीज गेली आणि दीडच्या आधीच पडदा काळा झाला. रांगेत बायका उभ्या होत्या, बहुतेक भंगार वेचणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या. त्यांना परत पाठवायची वेळ माझ्यावर आली. एक बाई भांडली नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "पुन्हा कधी येऊ ताई? आजचा खाडा पडला माझा."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "किती बायका परत गेल्या?"

"सदतीस." तेवढं मी मोजून आले होते.

त्यांनी तो आकडा वहीत लिहिला, आणि त्याखाली रेघ मारली. पुढच्या शिबिराला त्या स्वतः आल्या. कोपऱ्यात दिवसभर उभ्या राहून आम्ही लॅपटॉप कसा वापरतो ते त्यांनी बघितलं. पत्र्याखालचा उकाडा, दारातून येणारं ऊन, ते ऊन पडद्यावर पडतं म्हणून आम्ही उजेड पूर्ण वाढवून ठेवतो ते, मोबाइलवरून घेतलेलं नेट, सगळं टिपलं. त्यानंतर त्यांची परीक्षा ऑफिसातल्या एसीत कधी झाली नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याची शेड होती, तिथे त्यांनी टेबल लावलं. माणसाच्या जागी ईसीजीच्या तारांना खोटे ठोके देणारी एक छोटी पेटी जोडायची आणि दर सात मिनिटांनी एक आलेख काढून पाठवायचा. मॅडम छत्री घेऊन शेजारी. आमच्यातली मुलं हसायची. "मॅडम, कंपनीने माहितीपत्रकात लिहिलंय ना किती तास चालतो ते," असं एकाने म्हटलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "लिहिलंय ना. ते लिहिणारा देवनारला आला होता काय?"

मग थोरले सगळे बदलायचं ठरलं. कामकाज बघणारे नवे साहेब नुकतेच आले होते. हुशार माणूस, घाईचा माणूस. वितरकाकडून निखिल नावाचा एक तरुण विक्री प्रतिनिधी त्याच घराण्यातला सर्वांत नवा लॅपटॉप घेऊन आला. तो अर्थातच धाकटा झाला. दिसायला झकास. वहीएवढा पातळ, पडदा आरशासारखा, बोट लावलं की चालणारा. त्याने ईसीजीची फाइल उघडून दाखवली आणि पापणी लवायच्या आत आलेख समोर. मधल्याला त्याच कामाला चांगला दुप्पट वेळ लागायचा. "आणि बॅटरी दिवसभर," निखिल म्हणाला. साहेब खूश झाले. ऑर्डर काढायचीच बाकी होती, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "मला हा चार दिवस द्या. चार्जरशिवाय."

चार दिवसांनी त्यांनी मीटिंगमध्ये निळी वही उघडली. मीही होते, कारण नोंदी माझ्या हाताने झाल्या होत्या. चार्जर लावलेला असताना धाकटा दोघांनाही मागे टाकत होता, ते मॅडमनी आधी वाचलं. मग पुढचं. चार्जर काढला की त्याचा वेग उतरत होता. उन्हात तापला की आणखी उतरत होता. आणि मधल्याच्या तासभर आधीच तो मान टाकत होता.

साहेबांनी वही बघितलीही नाही. "मॅडम, नवीन ते जुन्यापेक्षा आधी कसं बंद पडेल? काहीतरीच. निवृत्ती जवळ आली की माणूस जुन्याला धरून बसतो, मी समजू शकतो."

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. मॅडमनी वही मिटली. आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "माझी मोजणी चुकली असेल, साहेब. शनिवारी घाटकोपरला शिबिर आहे. तुम्ही या, निखिललाही आणा. तुमच्यासमोर मोजू. मी चुकले असेन तर या खुर्चीत बसून पुन्हा कुठल्या मशीनबद्दल बोलणार नाही."

शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "मॅडम, एवढं कशाला बोललात? दोन-अडीच वर्षं राहिलीत तुमची."

त्या डबा पिशवीत भरत होत्या. "माका पण भीती वाटता गं," त्या म्हणाल्या. "पण ते सदतीसचं पान मी उघडते ना, तेव्हा गप्प बसवत नाही."

घाटकोपरचं सभागृह पत्र्याचंच होतं. शनिवारी सकाळी नऊला मॅडमनी दोन टेबलं मांडली. एकावर मधला, एकावर धाकटा, दोन्ही भरलेले. टेबलांकडची वीज बंद केली, पंखे मात्र चालू ठेवले. मागच्या खोलीत चार्जर लावलेलं तिसरं मशीनही तयार ठेवलं होतं. "परीक्षा आपली आहे. रांगेतल्या माणसाचा खोळंबा व्हायला नको," असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं. रांग दोन्ही टेबलांवर सारखी वाटली. साहेब कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. अकरा वाजेपर्यंत फोनवर होते. साडेअकराला धाकट्याचा पंखा घरघरायला लागला तेव्हा त्यांनी फोन खिशात ठेवला. बारानंतर ते उठून दोन्ही टेबलांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

सव्वा वाजता धाकटा बंद पडला. निखिलने बटण दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. मागच्या खोलीतलं मशीन आणून मी रांग पुढे चालू केली, पण मला राहवलं नाही आणि मी टाळी वाजवली. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की हात तसाच राहिला.

"टाळ्या कशाला? शिबिर चार वाजेपर्यंत आहे."

तीनला वीस मिनिटं कमी असताना मधलाही गेला. मॅडमनी घड्याळ बघून वेळ लिहिली आणि दोन्ही नावांपुढे एकच शब्द लिहिला, नापास.

साहेब चक्रावले. "म्हणजे तुम्हाला मधलाच हवा होता असं नाही?"

"मी रांगेच्या बाजूची आहे, साहेब," मॅडम म्हणाल्या. मग त्या निखिलकडे वळल्या. तो बिचारा गळाठून उभा होता. "तुझं मशीन वाईट नाही रे. डोकं चांगलं आहे त्याचं, मधल्यापेक्षा कितीतरी चांगलं. मी परवा पडद्याचा उजेड अर्ध्यावर आणून बघितला, तर ते पाऊण तास जास्त चाललं. म्हणजे खाणारा आहे तो आरशासारखा पडदा. आणि पातळ करायच्या नादात बॅटरी लहान केलीय. हाच लॅपटॉप साध्या पडद्याचा आणि मोठ्या बॅटरीचा मिळतो का?"

निखिलने थोडा विचार केला. "मिळतो, मॅडम. पण कोणी मागत नाही. जरा जाड दिसतो."

"आमच्या पोरी तो खांद्यावरून नेतात. जाड चालेल, बंद पडलेला चालणार नाही."

साहेबांनी दोन्ही काळे पडदे पुन्हा बघितले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी वही बघायला हवी होती." आणि खुर्ची ओढून त्यांनी ती तिथेच मागितली. रक्तदाबाच्या टेबलावर कोपर टेकवून साहेब निळी वही पानापानाने वाचत होते आणि मॅडम शेजारी बसून बोटाने दाखवत होत्या.

जाड धाकटा आला. गच्चीवर, उन्हात, उजेड पूर्ण ठेवून त्याने सात तास ओलांडले तेव्हा मॅडमनी छत्री मिटली आणि आम्हा सगळ्यांना चहा पाजला. ऑर्डर त्याचीच गेली.

महिन्याभराने आम्ही पुन्हा देवनारला गेलो. त्या दिवशीही सकाळी दहालाच वीज गेली, पण या वेळी कोणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. एकामागून एक बायका येत होत्या, आलेख निघत होते, जात होते. पावणेचारला रांगेतली शेवटची बाई आली. "मला काही होत नाही, शेजारणीने आणलं," असं म्हणत ती झोपली. तिचा आलेख मलासुद्धा बरा दिसला नाही. पाठवल्यावर दोन मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला, ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्या. रिक्षात घालून आम्ही तिला नेलं आणि ती वेळेवर पोहोचली. आठवड्याने घरी आली, आजही कामावर जाते.

शिबिराच्या त्याच संध्याकाळी मी मॅडमना फोन केला होता. त्यांनी आधी त्या बाईची सगळी चौकशी केली, तिच्यासोबत घरचं कोण आहे तेही विचारलं. मग म्हणाल्या, "आणि बॅटरी किती उरली होती?"

"अठरा टक्के."

"बघितलंस, की वाटलं?"

"बघितलं, मॅडम."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग "बरां झाला" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं आणि ते चक्क बरं झालं. केक कापून झाला तेव्हा दारात निखिल उभा होता, बोलावणं नसताना आलेला. त्याच्या कंपनीने मुलुंडला मोठं गोदाम घेतलं होतं. विकायच्या आधी दर पिढीचं मशीन तपासून देणारं माणूस त्यांना हवं होतं.

मॅडम म्हणाल्या, "तुमचं मशीन हरलं तर मी हरलं असंच लिहीन."

"म्हणूनच आलोय, मॅडम."

त्यांनी विचार करायला दोन दिवस मागितले, आणि सोमवारी सकाळी मुलुंडला कामावर हजर झाल्या.

मागच्या महिन्यात मी मुलुंडला त्यांना भेटायला गेले. त्यांची खुर्ची आता मरोळला माझ्याकडे आहे आणि पाचव्या पिढीबद्दल मला त्यांचं मत हवं होतं. गोदामाच्या मागच्या अंगणात, भर उन्हात, लांबलचक टेबलावर नऊ लॅपटॉप ओळीने उघडे होते. मॅडम टोपी घालून त्यांच्यासमोरून सावकाश चालत होत्या. केस सगळे पांढरे झालेत, चाल तीच. हाताखाली दोन इंजिनिअर मुली, दोघींच्या हातात वह्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, पण त्यांनी नुसता हात वर केला. मोजणी चालू होती.

मी कुंपणाशी उभी राहिले आणि त्यांचं होईपर्यंत थांबले.