आबांना इंग्रजी येत नाही

आयर्लंडमध्ये निवडणुकीचा प्रचार दारातच उरकतो. माणूस बेल वाजवतो, पत्रक देतो, दोन मिनिटं हवापाण्याचं बोलतो आणि पुढच्या दाराला लागतो. त्याला आत बोलवायचं नसतं, एवढंच मी आबांना सांगायला विसरले.

माझे वडील तीन महिन्यांसाठी माझ्याकडे स्लायगोला आले होते. साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. मी प्लँटमधल्या कामावरून घरी आले तर प्रचाराचं जाकीट घातलेल्या एक बाई स्वयंपाकघरात बसून त्यांचा आल्याचा चहा पीत होत्या. त्यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार माजी लष्करी अधिकारी, लेबनॉनला शांतिसेनेत राहून आलेला. विरोधक म्हणत, तिथे त्याने नुसत्या फायली हलवल्या. आणि हा निवडून आला तर देशाची तटस्थता गुंडाळून पोरांना परक्या लढायांत धाडेल. इथल्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती सैन्य नावापुरतंच, पण भांडायला तेवढं पुरतं.

आबाही त्याच शांतिसेनेत होते. उमेदवाराला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आपल्या फौजी इंग्रजीत बाईंना एवढंच सांगितलं, की तोफगोळा कचेरी बघून बाजूला पडत नाही. बाई खूश झाल्या. जाताना त्यांनी आबांचा फोटो काढला, दारात, तोरणाखाली, ताठ उभं करून.

दुसऱ्या दिवशी तो फोटो फेसबुकवर होता. खाली लिहिलं होतं, उमेदवाराच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला भारतीय सैनिक. मी प्लँटच्या कॅन्टीनमध्ये प्रतिक्रिया वाचत गेले. कुणी आबांना भाडोत्री साक्षीदार म्हटलं होतं, कुणी परत पाठवा म्हणत होतं. एकाने विचारलं होतं, हे हिरवं दार कुठल्या वसाहतीतलं? त्याला कुणीतरी उत्तरही दिलं होतं.

नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये आपल्या माणसांना मारहाण झाल्याच्या बातम्या ताज्या होत्या. माझा नागरिकत्वाचा अर्ज अडकून पडला होता. त्यात आबा रोज सकाळी एकटे फिरायला जायचे. मी पत्रकावरच्या नंबरवर बाईंना फोन करून फोटो फेसबुकवरून हटवायला लावला, पण तो तोवर कुठे कुठे पोचला होता. घरी येऊन पहिल्यांदा तोरण उतरवलं. आबांना म्हटलं, धुवायला काढलंय. मग त्यांचं फिरणं बंद केलं, थंडीचं निमित्त करून. मला भीती वाटत होती आणि ते त्यांना सांगायची लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी बेल वाजली. विरोधी पक्षाचे दोघे, उंचेपुरे. मी साखळी न काढता दार किलकिलं केलं. त्यातला वयस्कर माणूस अगदी सौम्यपणे म्हणाला, तुमच्या वडिलांनी खरंच आमच्या विरोधकांच्या उमेदवाराला तिथे पाहिलं होतं का, एवढं त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. आबा माझ्या मागेच उभे होते. त्यांनी एक ‘नो’ म्हटलं असतं तरी सगळं निस्तरलं असतं.

“त्यांना इंग्रजी येत नाही,” मी म्हणाले. “त्या दिवशी काय विचारलं तेच त्यांना कळलं नव्हतं.”

माणसाने माझ्या खांद्यावरून आबांकडे पाहिलं. आबांनी हात जोडले आणि ते खुळ्यासारखं हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. “ग्रँड, नो बॉदर, काही हरकत नाही,” म्हणत ते दोघे शेजारच्या दाराकडे गेले.

मी कडी घातली. आबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, “लेबनॉनला गावात शिरलो की माणसं दारातनं हेच सांगायची. भाषा कळत न्हाई. आम्ही काय बी बघितलं न्हाई. त्यांच्या माग बंदुका हुत्या, पोरी. तुझ्या माग कोन हुतं?”

माझ्या मागे आबाच उभे होते.