पातेलंभर खळ

जूनमधल्या तिसऱ्या रविवारी, घरच्या घरी, मी चार हजार आठशे रुपयांच्या पुस्तकांचं वाटोळं केलं. हजर व्यक्ती : मी, आजऱ्याहून आलेली माझी थोरली बहीण आक्का आणि आक्कानं चिकटवायला शिजवलेली पातेलंभर मैद्याची खळ.

पुस्तकं माझी बायको सुनंदा हिच्या वर्गासाठी होती. ती गडमुडशिंगीजवळच्या एका शाळेत तिसरीला शिकवते. वर्गातल्या प्रत्येक पोराला पुस्तकात आपल्यासारखं कुणीतरी भेटलं पाहिजे, हा तिचा हट्ट. सगळी मे महिन्याची सुट्टी घालवून तिनं साठ पुस्तकं निवडली. एकाच्या मुखपृष्ठावर ऊसतोडीच्या पालातला मुलगा, एकावर नमाजाच्या टोपीतले आजोबा, एकावर बुद्धवंदनेला निघालेलं कुटुंब. आणि एकावर कानाला मशीन लावून सायकल हाणणारी मुलगी.

ते तनुजासाठी. तनुजा कानाचं मशीन दप्तरात लपवते, पोरं बघतात म्हणून. सुनंदानं तिला सांगितलं होतं, "सोमवारी तुझ्यासारखी पोरगी दाखवते." तनुजा म्हणाली होती, "मग मशीन लावून येतो."

रविवारी प्रशिक्षणाला निघताना सुनंदा म्हणाली, "अहो, पुस्तकं तेवढी खोक्यांत नीट भरून ठेवा."

मी पतसंस्थेत हिशेबनीस. नीट म्हणजे नीटच! आमच्या घरात जूनमध्ये आलेलं पुस्तक खाकी कव्हराशिवाय राहत नाही. (कुकरच्या माहितीपुस्तिकेलाही आहे.)

"कव्हर घालूया?" मी आक्काला विचारलं.

"इचारतोस काय? न्हाय घातलं तर पोरं चार दिसांत चिंध्या करत्यात की!"

"पण नुसती घडी निसटते."

"खळ लाव. माझा लग्नाचा फोटो खळीनं चिकटवलेला. तुझं दाजी गेलं, पर फोटो जाग्यावरनं हालला न्हाय!"

साठही पुस्तकं खाकी झाली. वर एक ते साठ क्रमांक. आत पहिल्या पानावर माझ्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी : उशीर झाल्यास रोज एक रुपया दंड. तीही खळीनं!

संध्याकाळी सुनंदा आली. मी शाबासकीसाठी उभा.

"हे काय केलंसा?"

"नीट."

"तनुजाचं पुस्तक कुठलं ह्यातलं?"

"क्रमांक सांग, लगेच देतो."

तिनं डोकं धरलं. मी म्हणालो, "आतही चित्रं आहेतच की!"

"खाकी पुस्तक उघडणार कोण? पोरांनी ते हातात घ्यावं म्हणून तर मुखपृष्ठ बघून निवडली होती!"

साठ पुस्तकं उघडून तनुजाचं शोधलं. आक्का म्हणाली, "वाफंवर धर, सुटतंय." धरलं. सुटलं! सायकल पुस्तकावर राहिली आणि मुलगी, मशीनसकट, खाकी कागदाबरोबर आक्काच्या हातात आली.

"चांगली शिजलीया खळ," आक्का म्हणाली. बाकीच्या पुस्तकांना मग कुणी हात लावला नाही.

सोमवारी रजा टाकून मीच खोकी वर्गात नेली. एक पोरगा म्हणाला, "बाई, ही हापिसातली पुस्तकं हैत व्हय?"

आणि तनुजा पुढं आली. केस मागं घट्ट बांधलेले. कानाला मशीन. सगळ्या वर्गाला दिसेल असं.

"बाई, माझं कुठलं?"

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी फाटकं पुस्तक पुढं केलं. "बाळ, सायकल आहे. मुलगी... निघाली."

तनुजानं त्या रिकाम्या सायकलीवरून बोट फिरवलं. मी मनातल्या मनात राजीनामा लिहिला. (कशाचा, ते ठरत नव्हतं.)

"मग मी काढतो की," ती म्हणाली. आणि काढली! कानाला लाउडस्पीकरएवढं मशीन लावलेली. ते बघून सगळ्यांनाच आपापलं खाकी रंगवायचं होतं. पण आत कोण आहे ते वाचल्याशिवाय बाहेर काय काढणार? पोरं वाचायला बसली. सुनंदानं तनुजाला ग्रंथपाल केलं आणि मला रंगीत खडू आणायला पिटाळलं.

परत आलो तर तनुजानं विचारलं, "तुमी ह्यातलं किती वाचलंसा?"

"एकही नाही."

"न वाचताच कव्हर घातलंसा व्हय?" तिनं एक पुस्तक माझ्या हातात कोंबलं. मार्चअखेरचा हिशेब मी कधी चुकवला नाही, पण हे परत करायला मला सात दिवस उशीर झाला.

"दंड माफ नाही का होणार?" मी विचारलं.

तिनं पहिलं पान उघडून माझीच चिठ्ठी दाखवली. "नियम हाय. काढून दाखवा."

मी नखानं जरा खरवडून पाहिलं. चांगली शिजली होती खळ. शेवटी भरलेली रक्कम : रुपये सात फक्त, कुमारी तनुजा, ग्रंथपाल, इयत्ता तिसरी यांना, रोख.