आखूड वायरचा कॅमेरा

बाळंतीण बाई सायबर कॅफेत जाते का कधी? मी गेले होते... २००७ साली, भद्रावतीला, एका शुक्रवारी भर दुपारी. लेक महिन्याची होती. सव्वा महिन्याच्या आत उंबरा ओलांडते म्हणून सासूबाई दारापर्यंत बडबडत आल्या, "कॉम्प्युटरात पाहून दूध येते काय वं?"

प्रश्न रास्तच होता. मलाही तेच बघायचं होतं.

झालं होतं असं, की माझं सिझर झालेलं. लेकीला मांडीवर घेतलं की टाक्यांवर भार यायचा, मी आखडायचे... ती दोनदा ओढायची, सोडायची आणि रडायची. वजन जेमतेम वाढलेलं. तीन आठवड्यांत काटा सरकला नाही तर डब्याचं दूध सुरू करू, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण मला नापास झाल्यासारखं वाटत होतं.

माझी आई तेव्हा हयात नव्हती. होती ती ताई, कुवेतला नर्स, तीही बाळंतिणींच्याच वॉर्डात. फोनवर एकच म्हणायची, बघितल्याशिवाय सांगू कसं? आणि बघायचं तर कॅफेतल्या वेबकॅमवर... प्लायवूडच्या केबिन, अर्धे पडदे, बाहेर कॉलनीतली पोरं. तिथे पदर बाजूला करायचा?

चौकशीला गेले तेव्हा कॅफेवाल्या रफिकभाईंसमोर माझे शब्दच फुटेनात. मागे त्यांची आई बसली होती, सगळे तिला खाला म्हणायचे. तिला न सांगता कळलं. म्हणाली, "तू जुम्म्याले ये बेटा. मानसं सारे नमाजले जाते. मी बसतो ना दाराशी, कोन येते पाहातो!"

ताईलाही शुक्रवारीच सुट्टी. झाली अपॉइंटमेंट पक्की!

रफिकभाई मेसेंजर लावून द्यायचे आणि शटर अर्धं ओढून मशिदीत जायचे. मी हेडफोन लावून नीट बसेपर्यंत लेक खालाच्या हातात. मग तिला माझ्याकडे देऊन खाला बाहेर स्टुलावर बसायची... केबिनकडे पाठ करून.

पहिला शुक्रवार वायाच गेला. चित्र अडकत अडकत, आवाज त्याच्या मागून. ताईला लेकीची हनुवटी काही दिसेना, म्हणून तिने माझ्या जेवणाची उलटतपासणी घेतली. पोरीला सर्दी होईल म्हणून सासूबाई मला पाणी मोजून देतात, हे ऐकल्यावर ती एवढी ओरडली की हेडफोनबाहेर ऐकू गेलं. दोन मिनिटांत पडद्याखालून पाण्याचा तांब्या आत सरकला.

दुसऱ्या शुक्रवारी ताई म्हणे, कॅमेरा खाली घे, बाजूने दाखव. पण वायर इतकी आखूड की जरा ओढली की सुटायची. कॅमेरा लेकीपर्यंत येईना, तेव्हा लेकीलाच कॅमेऱ्यापर्यंत न्यायचं ठरवलं. मी खुर्चीत तिरकी झाले आणि बाजारातून कोहळं आणतात तसं तिला काखेत मारलं... डोकं पुढे तळहातावर, पाय माझ्या पाठीकडे.

टाक्यांवर भारच नाही! लेकीने हा मोठा आ केला आणि धरलं की हो. गटक, गटक आवाज यायला लागला. स्क्रीनवर ताई तोंड उघडं ठेवून गोठलेली. जरा वेळाने तिचा आवाज आला, "हलू नकोस! अशीच बस!"

मग कळलं, सिझरच्या बायकांना ताई वॉर्डात रोज असंच धरायला शिकवते. मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "अगं, तू बहीण ना... तुला टाके आहेत हेच डोक्यातून गेलं." मला हसू आवरेना, आणि टाके दुखत होते.

आठवडाभर मी घरी तसंच पाजलं, तांब्या शेजारी ठेवून. पण काट्याची धाकधूक होतीच.

तिसऱ्या शुक्रवारी खालाने नेहमीसारखी लेक घेतली. हात खाली-वर केले. "बेटा, आज हात भरला माझा. मांगच्या जुम्म्याले कापसावानी होती."

म्हणजे ही बाई दर शुक्रवारी माझ्या लेकीचं वजन करत होती... एका शब्दाने न बोलता. मी तिथेच, चपला घालूनच रडले. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंच्या काट्याने तेच सांगितलं. डबा आणावा लागला नाही.

खाला आता नाही. लेक नागपूरला हॉस्टेलवर असते. रोज व्हिडिओ कॉल करते, मी आधी विचारते, पाणी प्यायलीस का? चित्र इतकं स्वच्छ, की गालावरची पुटकुळीसुद्धा दिसते.

फक्त हात भरत नाही.