एक पुस्तक आणि पाच डबे

महिन्यातून एकदा आम्ही काही माणसं जमतो, पुस्तकावर बोलतो आणि मग एकत्र जेवतो, असं सांगितलं की कोल्हापुरात लोक पहिल्यांदा जेवायला काय असतं ते विचारतात. पुस्तकाचं कुणी विचारत नाही. मीही हल्ली सांगत नाही. चर्चेतलं मला फारसं आठवत नाही, भांडणं मात्र सगळी पाठ आहेत. एक सांगायला घेतलं की त्यातून दुसरं निघतं आणि समोरच्याचा चहा निवतो.

मंडळ काढलं नानांनी. नाना निवृत्त हेडमास्तर. शाळा संपली पण वर्गावर जायची सवय राहिली, म्हणून आम्ही. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणतात. शिवाय शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी बापू, जयसिंगपूरहून एसटीनं येणाऱ्या अक्का, आणि मी. मी तेव्हा लॉ कॉलेजात होते आणि दर वाक्याला हरकत घ्यायचे, म्हणून माझं नाव वकीलबाई पडलं. मी सोडून सगळ्यांनी पन्नाशी ओलांडलेली. आपलं वय हाच पुरावा, अशा थाटात बोलणारी माणसं.

नानांचा नियम होता, पुस्तकाची एकच प्रत घ्यायची. ती घरोघर फिरणार, प्रत्येक घरी आठवडाभर. "सगळ्यांनी विकत घेतलं तर कुणीच वाचणार नाही," ते म्हणाले. "पुढचा दारात उभा राहिला की माणूस वाचतो."

एवढं एक त्यांचं मला पटलं.

*

पहिल्या रविवारी कुणी काय आणायचं ते ठरलंच नव्हतं. चर्चा झाली, डबे उघडले. काकूंचा मसालेभात. माझ्या आईनं दिलेला मसालेभात. अक्कांचाही मसालेभातच, फक्त कांदा-लसूण नसलेला. बापूंनी फडक्यात बांधून गुळाची ढेप आणली होती.

बापू तिन्ही भातांकडं बघत राहिले. "कोल्हापुरात पाच माणसं जमली आणि तिखट कुणी आणलं न्हाय," ते म्हणाले. "ही माणसं कादंबरी काय समजणार?"

त्या दिवसापासून कारभार काकूंकडं गेला. कुणाच्या घरी बसायचं, कुणी काय आणायचं, सगळं त्यांच्या वहीत. त्या वहीत ज्याच्या घरचा रविवार लिहिला गेला, तो मंडळाचा.

*

अक्का जैन. दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. नानांना हे माहीत होतं, पण बोलायला लागल्यावर नानांना काहीच माहीत नसतं.

थंडीचे दिवस होते. "लेखकाला नेमकं काय म्हणायचं आहे?" हे नानांनी चौथ्यांदा विचारलं तेव्हा अक्का उठल्या, खिडकीचा पडदा सारून बाहेर बघितलं आणि सरळ डबे उघडायला लागल्या.

"अक्का, विषय अर्धा राहील," नाना म्हणाले.

"ऱ्हाऊ दे की. तिकडं सूर्य बी अर्धा गेलाय. लेखकाला काय म्हणायचं हाय ते तो उद्या बी म्हणंल."

तेव्हापासून आमच्याकडं हिवाळ्यात पातळ पुस्तकं घेतात.

*

कांबळे मॅडम मंडळात आल्या त्या फोनवरून.

त्या काळी अक्कांना मला फोन करायचा तर कॉल बुक करायला लागायचा. एका सकाळी त्या पुस्तकाचं नाव घेऊन मला विचारत होत्या, "पुस्तक कुठं अडकलंय गं? बापूकडं का?" मी म्हटलं, "बापूंकडंच. त्यांचं होत नाहीये." तेवढ्यात लाइनवर तिसरा आवाज आला. "फार छान पुस्तक आहे. पण मधली पन्नास पानं जड आहेत, त्यांना म्हणावं तेवढी सोसा."

अक्का म्हणाल्या, "मधी बोलणारी तू कोण?"

"मी ऑपरेटर. तुमची तीन मिनिटं झाली."

"मग रविवारी ये की. काय आणशील?"

अक्कांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. काय आणशील, एवढंच विचारलं.

रविवारी नानांच्या दारात चाळिशीच्या बाई उभ्या, कडक इस्त्रीची साडी, हातात स्टीलचा डबा. "मी सुमन कांबळे." कोल्हापुरात नाव सांगितल्यावर जात विचारावी लागत नाही. काकूंनी या म्हटलं, पाणी दिलं, खुर्ची दिली. चर्चेत मॅडम चारच वाक्यं बोलल्या. नानांनी ती चारही लिहून घेतली, आणि नाना दुसऱ्याचं लिहून घेत नाहीत.

मग डबे उघडले. मॅडमनी भरली वांगी आणली होती. वासानं बापू आधीच पाटावर जाऊन बसले होते.

"माझा आज उपास आहे," काकू म्हणाल्या.

नानांनी चष्मा काढला. "कसला?"

"आहे," काकू म्हणाल्या, आणि सगळ्यांना वाढायला लागल्या.

पुढच्या महिन्यातही काकूंचा उपास होता. त्याच्या पुढच्याही. महिन्यातून एकच उपास, बरोबर मंडळाच्या रविवारी. मला राग कशाचा यायचा, तर कांबळे मॅडमच्या घरून आलेलं पुस्तक काकू उशाशी घेऊन झोपायच्या. पुस्तक चालत होतं, वांगी चालत नव्हती.

मी टेलिफोन एक्स्चेंजच्या दारात मॅडमना गाठलं. "येत्या रविवारी मी सगळ्यांसमोर बोलणार आहे," मी सांगितलं.

"वकीलबाई, माझी केस मी चालवते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला अजून सनद मिळालेली नाही." मग म्हणाल्या, "पुस्तकं मला वाचनालयातही मिळतात. मला माझ्या घरी सगळी पंगतीला बसलेली बघायची आहेत. एकदा बोलावणार. नाही जमलं तर मी येणं बंद करीन, आणि कुणावर रागावणार नाही."

ही रागावणार नाही म्हणणारी माणसं मला समजत नाहीत. त्यांच्या वाट्याचं मीच रागावत होते.

*

पुस्तकाचा पहिला मुक्काम नानांच्या घरी, मग माझ्याकडं. एकदा प्रत हातात घेतली आणि बघितलं तर नव्वदाव्या पानापुढची सोळा पानं कडेला जोडलेलीच. छापखान्यातून कापायची राहिलेली. मी पट्टीनं कापली, वाचली आणि गप्प बसले. रविवारी नाना त्या पुस्तकावर पाऊण तास बोलले.

मग मी विचारलं, "नाना, नव्वदच्या पुढं तुम्ही कसं वाचलंत?"

पानं जोडलेलीच होती हे ऐकून घेतल्यावर नाना जराही न डगमगता म्हणाले, "चांगल्या पुस्तकाला नव्वद पानं पुरतात."

काकूंनी मात्र ती पानं वाचली होती. माझ्याकडून प्रत परत मागवून घेऊन. मला हे कळलं कारण काकू स्वयंपाक करता करता वाचतात आणि त्या जिथपर्यंत पोचतात तिथपर्यंत हळदीची बोटं असतात. मॅडमनी ते पान उघडून काकूंसमोर धरलं. "इथं तुमचं बोट आहे. मीही इथंच थांबले होते. दोनदा वाचलं."

काकू म्हणाल्या, "मी तीनदा."

दोघी त्या एका पानावर अर्धा तास बोलत बसल्या. नंतर डबे उघडले आणि काकूंना उपास आठवला.

*

बापूंची वाचायची रीत वेगळी. ते पुस्तकात कोण कधी जेवलं ते बघतात. एका गाजलेल्या, रडवणाऱ्या कादंबरीवर सगळे गंभीर होऊन बोलत होते. बापूंची पाळी आली.

"दोनशे पानं झाली," बापू म्हणाले, "त्या माणसाला कुणी जेवायला घातलं न्हाय. नुसता च्या. उपाशी माणूस रडणारच की, त्यात लेखकाचं काय कौतुक?"

नाना भडकले. पण आम्ही सगळ्यांनी पानं उलटून बघितली. खरंच, दोनशे पानांत सतरा चहा आणि एकही जेवण नाही.

"जेवला असता तरी कुणाकडं जेवला असता, ते बघायला लागलं असतं," कांबळे मॅडम सहज म्हणाल्या.

काकू पाणी आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

*

आता माझी फजिती. सांगायलाच हवी, नाहीतर अक्का सांगतील.

मी हट्टानं एक जाडजूड पुस्तक निवडायला लावलं. चर्चेला उभी राहिले आणि तुमच्या पिढीनं बायकांना घर सोडायची हिंमत कशी दिली नाही, यावर बोलले. चांगली बोलले. नायिका घर सोडून गेली ते माझं उदाहरण.

अक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पोरी, ती बाई शेवटी परत येती. घर आपल्या नावावर करून घेती आणि नवऱ्याला भाईर काढती. तिथपर्यंत पोचली न्हाईस न्हवं?"

पोचले नव्हते. परीक्षा होती.

ज्यानं पुस्तक पुरं केलं नाही त्यानं वाढायचं आणि शेवटी जेवायचं, असा आमचा दंडक. मी वाढत निघाले. काकूंपुढं आले तर त्यांच्यापुढं ताटच नव्हतं, नेहमीसारखं. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, परीक्षा आहे ना तुझी? माझं काय नाही, तू बस जेवायला. मी वाढते."

आपण एखाद्यावर मनापासून चिडलेलो असताना त्यानं असं गोड बोलू नये.

*

वर्ष झालं. रविवार सगळ्यांच्या घरून तीनदा फिरून आला, बापूंच्या वखारीतसुद्धा बसून झालं, पण काकूंच्या वहीत कांबळे मॅडमचं घर काही लिहिलं जाईना. एका रविवारी निघताना मॅडम चपला घालता घालता म्हणाल्या, "काकू, पुढचा रविवार माझ्याकडं लिहा."

"तुमचं घर लांब पडतं हो सगळ्यांना," काकू म्हणाल्या.

"मी जयसिंगपूरहून येती," अक्का म्हणाल्या. "मला न्हाय पडत ते."

काकूंनी वही उघडली. बाकी सगळी नावं पेनानं होती. हे त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं.

मग मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, "या वेळी डबे आणू नका. सगळं मीच करणार आहे." मी त्यांच्याकडं बघितलं. एकदा बोलावणार म्हणाल्या होत्या, ते हे होतं.

*

कळंब्याच्या बाजूला त्यांचं नवं घर. भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर, तिच्या शेजारी पुस्तकांचं कपाट. नाना कपाटापुढं उभे राहिले ते हलेनात. काकू आल्या होत्या. त्यांच्या पिशवीत दोन केळी होती, मी बघितली. मी महिनाभर एक भाषण तयार करत होते. ते आज करायचंच, सनद असो नसो, असं ठरवून मी काकूंच्या समोरची जागा धरली.

चर्चा झाली, पण कुणाचंच लक्ष नव्हतं. मग मॅडम आणि त्यांची मुलगी पातेली घेऊन बाहेर आल्या. झाकणं निघाली. साबुदाण्याची खिचडी. वरीचे तांदूळ. दाण्याची आमटी. काकडीची कोशिंबीर, दही, राजगिऱ्याचे लाडू.

बापू एकेका पातेल्यात डोकावले. "मॅडम, हे काय?"

"काकूंचा उपास असतो ना," मॅडम म्हणाल्या. "आपल्या घरी आलेलं माणूस उपाशी कसं जाईल? म्हणून सगळं उपासाचंच केलंय."

"आणि आमी काय पाप केलंय?" बापू म्हणाले.

मॅडम मंडळात आल्यापासून काकूंपुढं पहिल्यांदाच ताट होतं. त्या खिचडीकडं बघत म्हणाल्या, "आमच्यात उपासाला कोथिंबीर चालत नाही."

"घातली नाही."

"जिरं?"

"जिरंही नाही. गेल्या वर्षी एकदा तुमच्या घरी महाशिवरात्रीची खिचडी खाल्ली होती मी. तशीच केलीय. मीठ सैंधव आहे."

नाना छताच्या पंख्याकडं बघत होते. मॅडम हातात डाव घेऊन उभ्या होत्या. चेहरा एक्स्चेंजमधल्या आवाजासारखा, सरळ. पण डावातले खिचडीचे दोन दाणे जमिनीवर पडले ते त्यांना कळलं नाही.

काकूंनी हातानं ताट बाजूला सारलं. "मला खिचडी नको," त्या म्हणाल्या.

मी उठायला लागले. अक्कांनी माझ्या मांडीवर हात ठेवून मला खाली दाबलं. साठीच्या बाईच्या हातात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं.

"आज माझा उपास नाही," काकू म्हणाल्या. त्या मॅडमकडं बघत नव्हत्या, ताटाकडं बघत होत्या. "भाकरी असली तर वाढा."

मॅडमनी डाव पातेल्यात ठेवला. "सकाळची आहे. आणि वांग्याचं कालवण, तेही सकाळचंच."

"चालेल."

मॅडम आत गेल्या. येताना ताटलीत दोन भाकऱ्या आणि वाटीत कालवण. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. नानासुद्धा.

बापूंनी आपलं खिचडीचं ताट हळूच पुढं ढकललं. "मॅडम, माझा बी उपास सुटला की."

"अहो बापू, दोनच होत्या," मॅडम म्हणाल्या. "बसा, थापते."

त्या वळायच्या आत काकू उठल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत जात विचारलं, "परात कुठं ठेवता तुम्ही?"