गल्लीचं कोण बघतंय?

पत्रकं लिहिणाऱ्याला अर्धं लिहायची सवय लागते. एक कागद, दोन बाजू, त्यात मागण्या, सभेची वेळ, खाली संघटनेचा शिक्का. उरलेल्या अर्ध्याला जागा नाही असं आपण स्वतःला सांगतो. आमच्या गल्लीमागच्या बर्फ कारखान्यावर मी दोन वर्षांत नऊ पत्रकं लिहिली. इथे जागा भरपूर आहे, तेव्हा उरलेलं अर्धंही लिहिते.

म्हैसूरहून बोगादीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची गल्ली फुटते. घरांच्या पाठीला गटार, गटारापलीकडे कारखान्याची भिंत. गल्लीत पाच-सहा मराठी घरं, पूर्वी कापड रंगवणाऱ्यांची. आता कोणी टेलर, कोणी बँकेत, माझे अप्पा शाळेच्या गणवेशांच्या दुकानात. बाकीची घरं कन्नड. बर्फ गोठवायला कारखान्यात अमोनिया वापरत. संध्याकाळी वारा फिरला की डोळे चुरचुरायचे आणि मॅनेजर म्हणायचा, "गटाराचा वास आहे, मॅडम." हा वायू एक दिवस घरात शिरेल असं मी नऊ वेळा छापून सांगितलं. प्रत्येक पत्रक स्वतः दारोदार जाऊन दिलं. गल्लीत तेवीस दारं होती. कुठल्या दारात कुत्रं बांधलेलं असतं आणि कुठल्या दारातला म्हातारा पत्रकाची सुरळी करून कान खाजवतो, सगळं मला पाठ होतं.

तो दिवस आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. कारखान्यात नळी फुटली. आधी फस्स असा आवाज, मग पांढरा धुरळा भिंतीवरून उतरून गल्लीत आला. नाकात कोणी सुया खुपसतंय असं वाटलं. मी घरीच होते आणि आदल्या दिवशीच्या कोपरासभेचा भोंगा माझ्या खाटेखाली होता.

मी बाहेर आले तेव्हा सरकार हजर होतं. उगाच का नाही म्हणू? पोलिसांची जीप होती, महसूलवाल्यांची जीप होती, कारखान्याची गाडीही होती. पोलिसांचे साहेब ओरडत होते, "शाळेच्या मैदानात चला!" महसूलचे साहेब ओरडत होते, "कल्याण मंटपात चला!" मैदान डावीकडे, लग्नाचा मंटप उजवीकडे. आणि मॅनेजर फोन कानाला लावून मधूनच म्हणत होता, "दारं-खिडक्या लावून घरात बसा, काही झालेलं नाही." लोक निम्म्या वाटेवरून परत फिरत होते. एक बाई कुकर घेऊन बाहेर आली, मॅनेजरचं ऐकून आत गेली, पोलिसांचं ऐकून पुन्हा बाहेर आली, कुकर हातात तसाच. ते तीन साहेब एकमेकांपासून वीस पावलांवर होते. ती वीस पावलं कोणी चाललं नाही. आधी जो चालत जाईल तो हाताखालचा ठरेल, एवढीच त्यांची अडचण होती.

मी भोंगा उचलला.

वारा कारखान्याकडून येत होता, म्हणून लोकांना वाऱ्याला आडवं, मोठ्या रस्त्याकडे वळवलं. टॉवेल ओले करायला सांगितले. आणि पत्रकं वाटते त्याच क्रमाने, पहिल्या दारापासून तेविसाव्यापर्यंत, घरमालकांची नावं घेऊन हाका मारल्या. दार उघडायचं, माणसं बाहेर यायची, मी पुढच्या दाराला हाक द्यायची. लोकांनी ऐकलं. पोलीसही थोड्या वेळाने विचारायला लागले, "मॅडम, आता कुठं उभं राहू?" डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तरी मला बरं वाटत होतं. खोटं का बोलू? दोन वर्षं जे बजावत होते ते खरं झालं होतं आणि सगळी गल्ली माझ्या आवाजावर चालत होती.

तेवढ्यात फायर ब्रिगेडची गाडी आली. त्यांचा प्रमुख उतरला, चाळिशीतला, बुटका, गळ्यात मुखवटा लोंबत होता. त्याने जमलेल्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, "गल्लीचं कोण बघतंय?"

तिन्ही साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. मी म्हणाले, "मी बघतेय."

"आत कोणी राहिलंय?"

"कोणी नाही, सार. तेवीस दारं आहेत, तेवीसही रिकामी."

"नक्की?"

"ह्या गल्लीतलं एकेक दार मला तोंडपाठ आहे."

त्याच्याकडे मुखवटे आणि हवेच्या टाक्या दोनच माणसांना पुरतील एवढ्या होत्या. दोघांना गल्लीत पाठवलं असतं तर वायू तोवर सुटतच राहिला असता. त्याने दोघांनाही थेट कारखान्यातली झडप बंद करायला धाडलं. मी "नक्की" म्हटलं म्हणून.

झडप बंद झाली. फवाऱ्याने धुरळा खाली बसला. एक वाजून गेल्यावर फायरचा एक माणूस गटाराच्या बाजूने पाइप गुंडाळत जात होता. अकराव्या घराच्या पाठीला त्याला खोकला ऐकू आला. तिथे एक खोली होती. पूर्वी कापड रंगवायची शेड, वर पत्रे, दार गटाराकडे. आत एक बाई भिजवलेली साडी तोंडाला गच्च धरून बादलीजवळ बसली होती. पेरियापट्टणकडच्या खेड्यातली, गार्मेंट कारखान्यात रात्रपाळी करणारी, दिवसा झोपणारी. त्या खोलीला गल्लीकडून दार नव्हतं, म्हणून माझं एकही पत्रक तिथे गेलं नव्हतं.

दुकान बंद करून अप्पा घरी आले. पायताण काढता काढता म्हणाले, "अगं, त्या मागल्या खोलीत ती गार्मेंटवाली ऱ्हातीया की. कुणाला तरी विचारायचं नै?"

"मला माहीत नव्हतं, अप्पा."

"तुला म्हैसूरचं सगळं ठाऊक, अन् अकरा नंबरच्या पाठीमागं कोण ऱ्हातंय ते ठाऊक नै. अय्यो."

मी जेवले नाही. पण दुसऱ्या दिवशी संघटनेच्या खोलीत बसून पत्रक लिहिलं. 'जबाबदार कोण?' असा मथळा. कारखान्याचा परवाना रद्द करा, ही पहिली मागणी. दुसरी मागणी ठळक टाइपात, 'घरं न तपासणाऱ्या फायर अधिकाऱ्याला निलंबित करा.' हे वाक्य मी शुद्धीवर असताना लिहिलं. घरं तपासणं त्याचंच काम होतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. त्याला रिकामी गल्ली कोणी सांगितली, तेवढं मी लिहिलं नाही.

पत्रक चाललं. आमची पत्रकं सहसा चालत नाहीत, हे चाललं. आठवड्यात फायरच्या प्रमुखाला कारणे दाखवा नोटीस गेली. तालुका कचेरीत चौकशी लागली आणि माझं पत्रक फाइलीत पुरावा म्हणून लागलं. त्याने आपल्या जबाबात एवढंच लिहिलं होतं की घटनास्थळी सूत्रं सांभाळणाऱ्या एका नागरिक महिलेने गल्ली रिकामी असल्याचं सांगितलं. महसूलवाले म्हणाले, अशी कोणी महिला आम्ही पाहिली नाही. पोलीसही तेच म्हणाले. म्हणजे माणूस खोटा ठरत होता आणि त्याची नोकरी जात होती.

मी संघटनेच्या वकिलांकडे गेले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"हे आणखी कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलूही नकोस. उद्या कारखान्याचा वकील म्हणेल, आंदोलनवाल्यांनी मध्ये तोंड घातलं म्हणून बाई अडकली. कारखान्यावरची आपली केस संपली."

"आणि त्याची नोकरी?"

"एका फायरवाल्यासाठी गल्ली विकणार आहेस का?"

अण्णा वाईट माणूस नव्हेत. त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं, हेच अवघड होतं.

त्या बाईला भेटायला दवाखान्यात गेले तर खाटेजवळ फायरचा प्रमुख बसलेला, हातात शहाळं. मला पाहून उठला. मला वाटलं, आता चार लोकांत आपली शोभा करणार.

"पत्रक वाचलं," तो म्हणाला. "कन्नड छान लिहिता."

माझी मान खाली.

"आम्हाला प्रशिक्षणात पहिलं हेच शिकवतात," खुर्ची माझ्याकडे सरकवत तो म्हणाला. "मोठी घटना असली की प्रमुख एकच. त्याने एका जागी उभं राहायचं, पळापळ करायची नाही. माणसं मोजणारा वेगळा. बाहेरच्यांशी बोलणारा वेगळा. आणि जो जागा घेईल त्याने मोठ्याने सांगायचं, की मी घेतली. त्या दिवशी एवढ्या साहेबांत एकानेच सांगितलं."

"मी."

"हो. म्हणून मी तुम्हाला विचारलं. पण तुम्ही दारं मोजली, मॅडम. माणसं किती, ते मी विचारायला हवं होतं. ती चूक माझी आहे, तेवढी मी घेईन." मग शहाळं टेबलावर ठेवून म्हणाला, "उरलेली कोणाची, ते मी कसं सांगू?" आणि गेला. साक्षीला या, असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी त्याच्यावर रागावून सुटले असते.

बाईचा आवाज बसला होता. शब्द खरवडून काढावे तसा निघायचा. गार्मेंटमध्ये कापसाची धूळ असते, तिथे आता तिला जमणार नव्हतं. मी तिला म्हणाले, "अक्का, तुम्हाला झोपेत आवाज आला नसेल ना?" तिने हो म्हणावं म्हणूनच मी विचारलं होतं.

"आला की," ती म्हणाली. "सगळा ऐकला. तू एकेकाला नावाने बोलवत होतीस. अकराव्या घरवाल्यांना बोलावलंस. मला वाटलं, मालकांचं झालं की भाडेकऱ्यांना बोलावतील. म्हणून साडी भिजवून थांबले. रेशनच्या दुकानातही तसंच असतं नं."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. रांगेचा नियम सांगावा तसं म्हणाली.

चौकशीच्या दिवशी मी कोणाला न सांगता तालुका कचेरीत गेले. अण्णा तिथे होतेच. त्यांनी मला बघितलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. चौकशी अधिकारी टेबलामागे, कारकून शेजारी, समोरच्या बाकावर फायरचा प्रमुख इस्त्रीच्या गणवेशात. मी म्हणाले, ती महिला मी. गल्ली रिकामी आहे, हे मी सांगितलं.

"तुम्हाला कोणी नेमलं होतं?"

"कोणी नाही."

"म्हणजे त्या वेळी गल्लीच्या प्रमुख तुम्ही होता?"

"होते."

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही. रिकाम्या रकान्यात लिहायला नाव मिळालं होतं, तेही सरकारी नसलेलं. कारकुनाने झरझर लिहून कागद सहीला पुढे केला.

मी वाचला. म्हणाले, "ह्यात माझ्या आधीचं नाही. मी बोलायच्या आधी तिथे तीन साहेब होते, तिघांचे तीन हुकूम होते आणि ती जागा कोणीच घेतली नव्हती. ते लिहा."

"तो आजचा विषय नाही."

"मग सही नाही."

"मॅडम, सुम्ने, उगाच तमाशा करू नका."

"माझी चूक माझ्या नावावर घाला. तिघांचीही माझ्याच नावावर घालू नका."

जेवणाची वेळ झाली, ते उठून गेले. मी बाकावर बसून राहिले. फायरचा प्रमुख दुसऱ्या टोकाला बसून राहिला. ते परत आले, कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शेवटी चार वाजता कारकुनाने खाली दोन ओळी वाढवल्या आणि मी सही केली.

त्याची नोटीस मागे घेतली गेली, ताकीद देऊन. कारखान्याच्या वकिलाने माझा जबाब अण्णा म्हणाले होते तसाच वापरला आणि चार महिन्यांत नव्या नळ्या घालून कारखाना सुरू झाला. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. ती बाई तिच्या गावी गेली. चौकशीचा अहवाल मी अर्ज करून मिळवला आणि तीनदा वाचला. प्रमुख म्हणून माझं नाव त्यात आहे. वाढवलेल्या दोन ओळी नाहीत.